ताणाची मात्रा

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात रोज जाऊन येणाऱ्या कुणालाही विचारा, तिथे काय करतात. 'शेक घेतो,' असं उत्तर येईल. नाहीतर 'करंट लावतात', 'मानेला वजन लावतात'. 'दहा सिटिंग सांगितलीत, सहा झाली,' हा हिशेबही तोंडपाठ असतो. व्यायाम सांगितलाय का म्हटलं, तर 'हो, कागद दिलाय ना एक.' तो कागद बहुधा एमआरआयच्या लांबरुंद पाकिटात, फिल्मच्या मागे असतो.

माझं म्हणणं असं, की त्या दवाखान्यात मिळू शकणारा खरा उपचार यंत्रापेक्षा त्या कागदाच्या जास्त जवळ आहे. स्नायू, सांधा, अस्थिबंध, कंडरा यांपैकी काहीही दुखावलं, तरी त्याला पुन्हा कामाचं करणारी मुख्य गोष्ट म्हणजे बेताबेताने वाढवत नेलेला ताण. तो किती, केव्हापासून, कोणत्या दिशेने, आणि दुखलं तर किती मागे यायचं, हे ठरवण्यात फिजिओथेरपिस्टचं सगळं कसब आहे. बाकीचं बरंचसं सोबतीला असतं. आपण पैसे मोजतो ते मात्र सोबतीचे. ज्याचे पैसे मिळतात ते वाढतं, या नियमाने एक चांगला व्यवसाय वाकडा होत चालला आहे.

आधी आत काय घडतं ते पाहू. जिना उतरताना पाय मुरगळला, की घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध ओढले जातात, काही तंतू तुटतात. पहिले काही दिवस सूज आणि ठणका. या सुजेचा आपल्याला फार राग, पण मोडतोड साफ करणाऱ्या पेशी तिच्याबरोबरच येतात. मग काही आठवडे शरीर घाईघाईने डागडुजी करतं. हे भरण कोलॅजनचंच असतं, पण कच्च्या प्रतीच्या, आणि त्याचे तंतू गवताच्या विस्कटलेल्या भाऱ्यासारखे वाटेल तसे पडलेले असतात. त्यापुढचं काम महिनोन्महिने चालतं. कच्च्या कोलॅजनच्या जागी मजबूत कोलॅजन येतं आणि तंतू एका ओळीत लागतात. ही ओळ ठरते ती तिथे पडणाऱ्या ताणाच्या दिशेवरून. पेशींना ओढ जाणवते आणि त्या ओढीच्या अंगाने त्या तंतू विणतात. पाय महिनाभर उशीवर ठेवला, तर हा निरोप त्यांच्यापर्यंत जातच नाही.

ठणका बहुतेक वेळा मधल्या टप्प्यातच ओसरतो, म्हणजे आतलं काम अर्धंही झालेलं नसताना. दुखणं थांबलं म्हणजे बरं झालं, असं समजून माणूस दवाखाना सोडतो, आणि काही महिन्यांनी तोच पाय तिथेच मुरगळतो. मग 'माझा पाय नाजूकच आहे' असा समज घरभर होतो. खरं तर घोट्याच्या सांध्यातून मेंदूकडे जाणारी, पाय कुठे आणि कसा पडतोय याची खबर दुखापतीनंतर ढिली पडलेली असते. एका पायावर उभं राहून तोल सांभाळण्याचा कंटाळवाणा व्यायाम ती खबर पुन्हा ताळ्यावर आणतो. या व्यायामाने पाय पुन्हा मुरगळण्याचं प्रमाण कमी होतं, हे अभ्यासांतून दिसलं आहे. त्याला लागतात एक भिंत आणि रोजची पाच-दहा मिनिटं.

प्रत्येक ऊतीचं घड्याळही वेगळं. स्नायूत रक्त भरपूर, त्यामुळे मांडीचा किंवा पोटरीचा स्नायू काही आठवड्यांत सावरतो. कंडरेचं काम संथ, तिला महिने लागतात. गुडघ्यातल्या गादीच्या, म्हणजे मेनिस्कसच्या, आतल्या भागात तर रक्तवाहिन्याच नसतात. सांध्याच्या टोकांवरच्या कूर्चेचं पोषण होतं ते सांधा दाबला-सोडला गेल्याने, म्हणजे हालचालीनेच. 'गुडघ्यातलं वंगण संपलंय, आता वापरू नका' हा सल्ला ऐकताना एवढं ध्यानात ठेवावं.

विश्रांतीवरची आपली श्रद्धा भोळी आहे असं मी म्हणणार नाही; तिच्यामागे मोठी माणसं उभी आहेत. 19 व्या शतकात लिव्हरपूलला ह्यू ओवेन थॉमस नावाचा डॉक्टर होता. त्याचं घराणं वेल्समधल्या हाडवैद्यांचं, बापही हाडवैद्य. पुढे पहिल्या महायुद्धात त्याच्या नावाच्या स्प्लिंटने मांडीचं हाड मोडलेल्या असंख्य सैनिकांचे जीव वाचवले. दुखऱ्या सांध्याला सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती द्यावी, असं त्याचं ठाम मत. क्षयाने सडलेल्या सांध्यांच्या त्या काळात, प्रतिजैविकं नसताना, ते शहाणपणाचंही होतं. त्याच सुमारास पॅरिसमध्ये ल्युका-शांपियोनिएर नावाचा सर्जन उलट सांगत होता, की मोडलेल्या हाडालासुद्धा लवकर हलवा, चोळा, जखडून ठेवू नका. त्याला बरेच दिवस कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

विश्रांतीचा हा वारसा 20 व्या शतकात पाठदुखीला येऊन चिकटला. उसण भरली की फळीवर झोपा, आठवडा-दोन आठवडे उठू नका, हा सल्ला आपल्या आधीच्या पिढीने निमूट पाळला. 1986 मध्ये अमेरिकेत रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी पाठदुखीच्या 203 रुग्णांपैकी काहींना दोन दिवस आणि काहींना सात दिवस अंथरुणावर राहायला सांगितलं. दुखण्यात फरक पडला नाही. दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे मात्र 45 टक्क्यांनी कमी झाले. 1995 मध्ये हेलसिंकीच्या महापालिका कर्मचाऱ्यांवर झालेला अभ्यास त्याहून मजेशीर. एका गटाला विश्रांती, एका गटाला पाठीचे ठरावीक व्यायाम, आणि तिसऱ्याला फक्त 'झेपेल तसं नेहमीचं काम चालू ठेवा' एवढा सल्ला. सगळ्यांत लवकर तिसरा गट सावरला. म्हणजे ऐन उसण भरलेली असताना ठरावीक व्यायामांचा आग्रहही मागे पडला. व्यायामाचा कैवार घेणाऱ्यांनी हा निकाल विसरू नये, आणि त्यांत मीही आलो.

खेळाडूंच्या दुखापतीत हीच गोष्ट बर्फाच्या रूपाने आली. गेब मर्किन या अमेरिकी डॉक्टरने 1978 च्या आपल्या पुस्तकात विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं अशी चतुःसूत्री सांगितली. शाळेच्या मैदानापासून रणजीच्या ड्रेसिंग रूमपर्यंत ती सगळीकडे पोचली. 2014 मध्ये मर्किन यांनीच जाहीर लिहिलं, की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी भरून येण्याचं काम लांबू शकतं. ठणका कमी करायला थोडा वेळ बर्फ लावायला हरकत नाही, पण त्याने बरं होतं ही समजूत सोडा. आपल्या चतुःसूत्रीतले दोन खांब स्वतः काढून घेणारे डॉक्टर विरळाच. पहिले दोन-तीन दिवस जपणं आणि मग लगेच झेपेल एवढा भार सुरू करणं, हे आता बहुतेकांना मान्य आहे.

आणखी एक हकीकत या क्षेत्रात नेहमी सांगितली जाते. स्वीडनमधल्या उमेओ इथले अस्थिशल्यचिकित्सक होकान आल्फ्रेडसन धावपटू होते. टाचेमागची कंडरा जुनाट दुखू लागली. त्यांनी वरिष्ठांकडे शस्त्रक्रियेचा हट्ट धरला. वरिष्ठ म्हणाले, एवढ्यावर सुरी चालवता येणार नाही. तेव्हा आल्फ्रेडसननी ठरवलं, की ही कंडरा तुटेपर्यंत ताणायची, मग तरी शस्त्रक्रिया करावी लागेल. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाच सावकाश खाली सोडायची, पुन:पुन्हा, वजन वाढवत. कंडरा तुटली नाही, दुखणं गेलं. 1998 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह 15 हौशी धावपटूंवर हाच प्रयोग केला. दिवसातून दोनदा, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून, 15 च्या तीन-तीन फेऱ्या, म्हणजे रोज 180 वेळा, 12 आठवडे. पंधराही जण पुन्हा धावू लागले. पुढच्या अभ्यासांत इतकं सरसकट यश दिसलं नाही, आणि तितकाच गुण देणाऱ्या, कमी वेळखाऊ पद्धतीही निघाल्या. पण जुनाट दुखरी कंडरा जपायची असते हा समज तिथून उखडला तो उखडलाच.

आता यंत्रांकडे. अल्ट्रासाउंडची डबी जेल लावून गुडघ्यावर फिरवतात, आयएफटीचे, म्हणजे करंटचे, चार पॅड पाठीला चिकटवतात, कमरेला पट्टा बांधून वजनाने ओढतात. ब्रिटनच्या 'नाइस' या सरकारी संस्थेने 2016 मध्ये पाठदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत अल्ट्रासाउंड देऊ नका, टेन्स (त्वचेवरून दिला जाणारा करंट) देऊ नका, आयएफटी देऊ नका, ट्रॅक्शन देऊ नका, पट्टेही देऊ नका, असं सलग लिहिलं आहे. हाताने केलेली उपचारपद्धती चालेल, पण व्यायामाच्या जोडीनेच. आपल्याकडच्या अनेक दवाखान्यांच्या दरपत्रकातून यातले शब्द वगळले, तर पुष्कळ ओळी कोऱ्या राहतील.

मग हे चालतं कसं? फिजिओथेरपिस्ट लबाड आहेत असं म्हणणं सोपं आणि चुकीचं. साडेचार वर्षांच्या पदवीत त्यांना व्यायामशास्त्र पुरेपूर शिकवलेलं असतं. गणित बाहेर बिघडतं. तालुक्याच्या गावात भाड्याच्या दोन खोल्या, पडदे लावलेले चार पलंग, एक फिजिओथेरपिस्ट आणि एक मदतनीस मुलगी. चार पलंगांवर चार यंत्रं एकाच वेळी चालू शकतात. घंटी वाजली की पॅड काढायचे. व्यायाम करून घ्यायचा तर एका माणसासमोर अर्धा तास उभं राहावं लागतं. गुडघा आत वळतोय का, श्वास रोखलाय का, दुखणं दहात तीन आहे की सहा, हे पाहावं लागतं. त्या अर्ध्या तासाचे चौपट पैसे मागितले तर रुग्ण म्हणतो, 'नुसते व्यायाम करून घेतले, मशीन लावलंच नाही.' पुढच्या वेळी तो शेजारच्या दवाखान्यात जातो. ऑर्थोपेडिक डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही पुष्कळदा यंत्राचं नाव आणि 'दहा दिवस' एवढंच लिहिलेलं असतं. आरोग्य विमा बहुधा रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या खर्चाचा; रोज येऊन-जाऊन घ्यायची फिजिओथेरपी खिशातूनच. खिशातून दिलेल्या पैशाचं काहीतरी दिसावं, गरम लागावं, झिणझिण्या याव्यात, ही अपेक्षा माणसासारखीच आहे.

शेकाचा गुण अजिबात नाही असंही नाही. गरम लागलं की बरं वाटतं, घट्ट झालेला भाग थोडा सैलावतो, कुणीतरी रोज वीस मिनिटं आपल्याकडे बघतंय याचाही आधार असतो. त्या सैलावलेल्या अर्ध्या तासात व्यायाम करून घेतला तर शेक सार्थकी लागतो. पॅड काढल्यावर रुग्ण थेट चपला घालायला जातो, तक्रार तिथे आहे.

एमआरआयसारख्या चित्रांनीही घोळ घातला आहे. 'मणक्यात गॅप आहे' हे वाक्य महाराष्ट्रात इतकं रुळलंय, की जणू रक्तगट सांगावा तसं लोक ते सांगतात. 2015 मध्ये अमेरिकेत एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा लोकांची मणक्यांची चित्रं त्यात तपासली होती. विशीतल्या 37 टक्के निरोगी लोकांत चकती झिजल्याच्या खुणा निघाल्या, ऐंशीत 96 टक्क्यांत. केस पिकावेत तसेच हे बदल वयाचे. पण अहवाल हातात पडला की माणूस वाकायला घाबरतो, भिऊन पाठ ताठ धरतो, स्नायू आणखी दमतात आणि दुखणं मुक्काम करतं. ही भीती घालवायला बोलावं लागतं, आणि बोलण्याचं बिल होत नाही.

झटपट सुटकेचीही किंमत असते. 2004 मध्ये सचिन तेंडुलकरच्या कोपराने 'टेनिस एल्बो' हा शब्द महाराष्ट्राच्या घराघरांत नेला. 2006 मध्ये ब्रिस्बेनच्या संशोधकांनी या दुखण्याच्या 198 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कुणाला स्टेरॉइडचं इंजेक्शन, कुणाला फिजिओथेरपी, आणि कुणाला फक्त 'काय टाळायचं' हा सल्ला देऊन वाट बघणं. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले सगळ्यांच्या पुढे. वर्षाच्या शेवटी तेच सगळ्यांच्या मागे. सुरुवातीला बरे झालेल्यांपैकी बहुतेकांचं दुखणं परतलं होतं. फिजिओथेरपी आणि नुसती वाट बघणं यांत मात्र वर्षाअखेर फारसं अंतर उरलं नाही. इथे काळ हाच मोठा वैद्य ठरला. चांगल्या फिजिओथेरपिस्टने हे रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगावं, उत्पन्न घटलं तरी.

शस्त्रक्रियेबद्दलही तसंच. 2010 मध्ये स्वीडनमधून आलेल्या अभ्यासात गुडघ्याचा पुढचा अस्थिबंध तुटलेले 121 तरुण होते. अर्ध्यांची लवकर शस्त्रक्रिया आणि व्यायाम. उरलेल्यांना आधी व्यायाम, लागलीच तर पुढे शस्त्रक्रिया. दोन वर्षांनी दोन्ही गटांचे गुडघे सारखेच चालत होते, आणि दुसऱ्या गटातल्या निम्म्याहून अधिकांना तोवर सुरीची गरज पडली नव्हती. याचा अर्थ शस्त्रक्रिया फोल असा घेऊ नये. वळणावळणाचे खेळ खेळणाऱ्याची, किंवा गुडघा वारंवार निसटणाऱ्याची गोष्ट वेगळी. आणि ताणाचा हा सगळा पाढा सुरू करण्याआधी हाड मोडलेलं नाही याची खात्री हवी. घोट्यासाठी 1992 साली ओटावात ठरलेले नियम सोपे आहेत. घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेला किंवा टोकाला दाबून दुखत असेल, किंवा चार पावलं टाकता येत नसतील, तर आधी एक्स-रे. पाठदुखीबरोबर लघवी अडली, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, ताप येतोय, तर दवाखाना फिजिओचा नव्हे, तातडीने मोठ्या रुग्णालयाचा.

माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यांत खरा आक्षेप मात्र संशोधकांकडून येत नाही, तो ऊसतोड कामगारांकडून येतो. बीड जिल्ह्यातून दरवर्षी हंगामाला निघणाऱ्या कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीच्या जोडप्याला, 'हालचाल वाढवा' असं कोणत्या तोंडाने सांगायचं? पहाटेपासून वाकून ऊस तोडायचा, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन गाडीवर चढवायची. मुकादमाची उचल घेतलेली, एक दिवस बसलं तरी खाडा पडतो आणि तो उचलीतून वळता होतो. तिथल्या कमरेला ताणाची कमतरता नाही, ताणाची मोजदाद नाही. घरोघरी उकिडवं बसून फरशी पुसणाऱ्या बाईच्या गुडघ्याचंही तेच. व्यायामाचा प्रचार बहुधा खुर्चीवर बसून काम करणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून होतो, आणि मग तो हळूच उपदेशाकडे झुकतो: दुखतंय कारण तुम्ही आळशी आहात. मात्रा म्हटलं की ती वाढवायची तशी कमीही करायची असते. या बाईसाठी चांगला फिजिओथेरपिस्ट दहा व्यायामांचा कागद देणार नाही. लांब दांड्याच्या पोछ्याबद्दल मालकिणीशी बोल, दोन घरांच्या मध्ये दहा मिनिटं बस, जिना चढताना दुखरा पाय मागाहून टाक, आणि मांडीचा एकच व्यायाम भिंतीला टेकून कर, एवढंच सांगेल. हे ठरवायला तिचा दिवस विचारावा लागतो. विचारायला वेळ लागतो. म्हणजे फिरून प्रश्न बिलाचाच.

भारतात या विद्येची पहिली शाळा मुंबईत, केईएम रुग्णालयात, 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला निघाली. पोलिओने लुळ्या पडलेल्या मुलांना उभं करायचं होतं. जागतिक आरोग्य संघटनेची मदत होती. ते काम धीराने, एकेका स्नायूला पुन्हा कामाला लावत नेण्याचं होतं. शेकाला तिथे मदतनिसाची जागा होती. आज देशात 2021 चा संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदा आहे, राष्ट्रीय आयोग आहे. पण 2025 च्या सप्टेंबरात मोठी चर्चा रंगली ती फिजिओथेरपिस्टने नावाआधी 'डॉक्टर' लावावं की नाही यावर. आरोग्यसेवा महासंचालनालयाचं एक पत्र निघालं आणि लगोलग मागेही घेतलं गेलं. उपाधीचा मान मिळावा याला माझी ना नाही. तेवढ्याच हिरिरीने कुणी रुग्णाच्या पहिल्या भेटीला किमान किती वेळ द्यावा, यावर भांडलं असतं तर बरं वाटलं असतं.

वेळ किती लागतो ते पाहा. क्रिकेटपटू ऋषभ पंतचा मोटार अपघात 30 डिसेंबर 2022 ला झाला. मुंबईत गुडघ्याच्या अस्थिबंधांची शस्त्रक्रिया झाली आणि तो सामन्यात परतला 23 मार्च 2024 ला. क्रिकेट मंडळाचे डॉक्टर, फिजिओ, अकादमी, सगळं दिमतीला असतानाही जवळजवळ 15 महिने. त्या अवधीत प्रत्येक पायरीला चाचणी असते: दोन मांड्यांची ताकद सारखी झाली का, एका पायावर उडी किती लांब जाते. डेलावेअर आणि ऑस्लोच्या रुग्णांवरचा एक अभ्यास सांगतो, की पुढच्या अस्थिबंधाच्या शस्त्रक्रियेनंतर खेळायला परतणं नऊ महिन्यांपर्यंत जितकं लांबवावं, तितका दर महिन्यागणिक पुन्हा दुखापतीचा दर निम्म्याने घटतो. आपल्याकडे कबड्डी खेळणारं कॉलेजचं पोर 'दुखत नाही आता' म्हणून चौथ्या महिन्यात मैदानात उतरतं, कारण सिटिंग तिसऱ्या महिन्यात संपलेली असतात आणि घरच्यांचे पैसेही.

या चाचण्यांना लागणारं सामान गावात मिळतं. मोजपट्टी, जिन्याची पायरी, खुर्ची, घड्याळ. खुर्चीवरून अर्ध्या मिनिटात कितीदा उठता येतं, एका पायावर टाच किती वेळा उचलता येते, पहिल्या दिवशी किती आणि सहाव्या आठवड्यात किती, हे रुग्णाच्याच वहीत लिहिलं तर दुखण्याच्या रोजच्या चढउतारांपलीकडचं काहीतरी त्याला दिसतं. फिजिओथेरपिस्टांच्या संघटनांनी आणि राष्ट्रीय आयोगाने तपासणी, व्यायामाची आखणी आणि फेरतपासणी यांचे दर वेगळे ठरवून द्यावेत, यंत्राचे पैसे त्याखाली यावेत. विमा कंपन्यांनी शस्त्रक्रियेच्या पॅकेजमध्येच पुढच्या सहा महिन्यांच्या भेटी धराव्यात. दुसऱ्या शस्त्रक्रियेपेक्षा त्यांना ते स्वस्तच पडेल. आणि रुग्णाने पहिल्या भेटीत किती सिटिंग लागतील हे विचारण्याआधी, मला काय करता यायला हवं आणि ते तुम्ही कसं मोजणार, हे विचारावं. ज्याला याचं उत्तर देता येतं, त्याच्याकडे यंत्र असलं काय आणि नसलं काय.